पावसाळा आणि मॅट वॉर्निश

दर पावसाळ्यात मी स्वतःला बजावतो की सप्टेंबर संपेपर्यंत मॉडेलची चमक घालवायला शेवटी मारायच्या मॅट वॉर्निशच्या स्प्रेला हात लावायचा नाही, आणि दर वर्षी जुलैतल्या एखाद्या उघडीप मिळालेल्या दुपारी मी तो लावतोच. यंदा बळी गेले १/७२ प्रमाणातले मिग-२१ विमानाचे मॉडेल. तीन आठवडे खपून त्याला रंग दिला, डिकलखाली (चिकटवायच्या चिन्हांखाली) हवा अडकून चंदेरी डाग दिसू नयेत म्हणून आधी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वॉर्निशचा, थर मारला, पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला काळपट तपकिरी ऑइल रंग सोडून जादाचा कापसाच्या काडीने पुसला, आणि अखेरच्या पाच सेकंदांच्या फवाऱ्याने या सगळ्यावर पिठासारखी पांढरी साय पसरवली.

कारण मला तोंडपाठ आहे. द्रावक झपाट्याने उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि वाळत्या थरात अडकून बसते. डब्यावर मात्र ‘हवेशीर जागेत वापरावे’ एवढेच छापलेले असते. जुलैतल्या मुंबईत हवेशीर जागा म्हणजे कपडेही न वाळणारी गॅलरी, हे छापणाऱ्याला कोण सांगणार?

वरून ग्लॉस मारला की पांढरेपणा जातो, असे जाणकार सांगतात. कधीकधी तो खरोखरच जातो. मग ते चकचकीत विमान पुन्हा मॅट करावे लागते, तेही त्याच डब्याने. कॅनोपीवरची (वैमानिकाच्या पारदर्शक झाकणावरची), रंग लागू नये म्हणून लावलेली मास्किंग टेप मी अजून काढलेली नाही.