महिला हक्कांच्या संस्थांचे भाडे कोण भरणार?

महिलांच्या हक्कांसाठी जगात कोण काम करते असे विचारले, की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव संयुक्त राष्ट्रांचे येते आणि त्यात गैर काहीच नाही. १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार, म्हणजे ज्याला आपण 'सीडॉ' म्हणतो तो, मंजूर केला आणि आज १८९ देश त्याला बांधील आहेत. अमेरिकेने १९८० मध्ये त्यावर सही केली, परंतु आजतागायत अनुमोदन दिलेले नाही. अनुमोदन देणाऱ्यांपैकीही अनेक देशांनी नेमक्या दुसऱ्या आणि सोळाव्या कलमांना, म्हणजे भेदभाव करणारे कायदे बदलण्याच्या आणि विवाह व कुटुंबातील समानतेच्या कलमांना, आपापल्या अटी जोडून ठेवल्या आहेत. या कराराचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही तो ज्यांच्या हातात खऱ्या अर्थाने चालतो त्या छोट्या संस्थांना आपण सगळे मिळून उपाशी ठेवतो आहोत, असे माझे ठाम मत आहे.

करार चालतो म्हणजे काय, ते सांगते. सरकारने ठरावीक काळाने आपल्या कामाचा अहवाल २३ तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवायचा असतो आणि कोणतेही सरकार स्वतःविषयी चांगलेच लिहिणार. म्हणून स्थानिक संघटना स्वतःचा वेगळा अहवाल पाठवतात, ज्याला 'छाया अहवाल' म्हणतात. सरकारी अहवालात निवारागृहांची संख्या असते. छाया अहवाल लिहिणारी कार्यकर्ती त्या निवारागृहापर्यंत स्वतः जाते, खाटा मोजते, मुलगा बारा वर्षांचा असल्यामुळे आईलाही परत पाठवले जाते का हे विचारते, रात्री दार उघडायला कोणी असते का ते पाहते. समितीतील तज्ज्ञ सरकारी प्रतिनिधींना जे अडचणीचे प्रश्न विचारतात, त्यांतले कितीतरी या पानांतून उचललेले असतात. हे अहवाल कसे लिहावेत आणि समितीपुढे कसे मांडावेत, हे शिकवण्याचे काम क्वालालंपूरची 'इंटरनॅशनल विमेन्स राइट्स ॲक्शन वॉच एशिया पॅसिफिक' ही संस्था वर्षानुवर्षे करत आली आहे. ज्यांना या विषयात काही वाचायचे असेल त्यांनी आपल्याला ठाऊक असलेल्या एखाद्या देशाचा सरकारी अहवाल आणि छाया अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे मी आवर्जून सांगेन.

बोत्सवानाची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. १९८४ च्या तिथल्या नागरिकत्व कायद्यानुसार, परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलांना आईकडून नागरिकत्व मिळत नसे. युनिटी डाऊ या वकील बाईंचे पती अमेरिकन होते. लग्नाआधी जन्मलेली त्यांची मुलगी बोत्सवानाची नागरिक ठरली, लग्नानंतर त्याच देशात जन्मलेली दोन मुले मात्र ठरली नाहीत. एकाच आईच्या, एकाच घरात वाढणाऱ्या तीन भावंडांपैकी दोघे कागदोपत्री परके. बाईंनी सरकारला न्यायालयात खेचले, 'एमांग बसादी' ही स्त्रियांची संघटना त्या काळात मोहीम चालवत होती, १९९२ मध्ये अपील न्यायालयानेही बाईंच्या बाजूने निकाल दिला आणि १९९५ मध्ये कायदा बदलला. बोत्सवाना 'सीडॉ' करारात सामील झाला तो १९९६ मध्ये. म्हणजे स्त्रिया आधी उभ्या राहिल्या आणि सरकारची सही मागाहून आली, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

ब्राझीलमध्ये २००२ साली सहा महिन्यांची गरोदर असलेली एक कृष्णवर्णीय तरुणी वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावली. तिच्या आईच्या वतीने 'सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्स' आणि एका ब्राझिलियन संस्थेने समितीकडे तक्रार नेली. दवाखाना खासगी असला तरी त्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सरकारचीच, असे समितीने २०११ मध्ये सांगितले. मृत्यूपासून निर्णयापर्यंत नऊ वर्षे गेली. नऊ वर्षे कागद सांभाळणारे, त्या आईच्या संपर्कात राहणारे, तारखा लक्षात ठेवणारे कोणीतरी लागते, आणि त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून निघतो हा प्रश्न मला पडतो.

मी काही वर्षे अशा छोट्या संस्थांचे अनुदानाचे अर्ज लिहून देत असे, म्हणून हे जवळून पाहिले आहे. अर्जात प्रशिक्षण शिबिरांसाठी रकाना असतो, पुस्तिका छापण्यासाठी असतो, परंतु भाडे, वीज, दूरध्वनी आणि हेल्पलाइनवर रात्रपाळी करणाऱ्या बाईचा पगार हे सगळे 'प्रशासकीय खर्च' म्हणून एका ओळीत कोंबावे लागते आणि त्या ओळीला कात्री लागते. 'असोसिएशन फॉर विमेन्स राइट्स इन डेव्हलपमेंट' या संस्थेने केलेल्या पाहणीत, जगभरातील ७४० महिला संघटनांचे २०१० मधील एकत्रित उत्पन्न अवघे १०.६ कोटी डॉलर निघाले होते. एकेका मोठ्या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेचे एका वर्षाचे अंदाजपत्रक याच्या कितीतरी पट असते.

याला उत्तर शोधणाऱ्याही स्त्रियाच आहेत. ॲमस्टरडॅमची 'मामा कॅश' १९८३ मध्ये पाच जणींनी सुरू केली, तीही त्यांच्यातील एकीच्या वारशाच्या पैशातून. 'ग्लोबल फंड फॉर विमेन' १९८७ पासून आहे. या निधी संस्था थेट छोट्या गटांना पैसे देतात आणि ते कशावर खर्चायचे हे गटांवर सोपवण्याकडे त्यांचा कल असतो. माझ्या मते देणगी देण्याची हीच योग्य रीत आहे. सेनेगलमध्ये 'तोस्तान' ही संस्था तीन तीन वर्षे एकेका गावात वर्ग चालवते. तिच्या वर्गांत शिकलेल्या मलिकुंडा बांबारा या गावच्या स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी मुलींची सुंता थांबवल्याचे जाहीर केले. सहा महिन्यांच्या प्रकल्पात हे घडले असते, असे मला वाटत नाही.

अफगाणिस्तानने २००३ मध्ये 'सीडॉ'ला कोणतीही अट न घालता अनुमोदन दिले होते आणि ते आजही कागदावर आहे, जरी २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद असल्या तरी. तिथल्या स्त्रिया घराच्या आतल्या खोलीत मुलींना शिकवत आहेत. त्यांना वह्या लागतात, मोबाइलचा डेटा लागतो, शिकवणारीला दरमहा काहीतरी हातात पडावे लागते. यांतील एकही गोष्ट अनुदानाच्या अर्जातील 'या वर्षी नवीन काय करणार?' या रकान्यात बसत नाही, आणि तो रकाना आधी काढून टाकावा, अशी माझी सर्व देणगीदारांना कळकळीची विनंती आहे.