नागीण आणि मल्टिपल स्क्लेरोसिस: ‘चौपट धोका’ नेमका कशाचा?

नागीण होऊन गेलेल्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार होण्याचा धोका चौपट असतो, हे वाक्य मागचापुढचा संदर्भ न देता लोकांपुढे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. आधीच वेदनेने बेजार झालेल्या माणसाला त्यातून फक्त धास्ती मिळते.

वाक्य निराधार नाही. तैवानमधील आरोग्य विम्याच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागीण झालेल्या सुमारे ३ लाख १५ हजार प्रौढांची तुलना ती न झालेल्या तिप्पट लोकांशी केली होती आणि पुढील वर्षभरात पहिल्या गटात एमएसचे प्रमाण जवळपास चौपट आढळले. मात्र तैवानमध्ये एमएस मुळातच दुर्मीळ आहे, त्यामुळे चौपट होऊनही तो धोका अत्यल्पच राहतो. शिवाय नागीण आणि एमएसचे निदान यांत सरासरी सुमारे शंभर दिवसांचेच अंतर होते. एमएसची प्रक्रिया निदानाच्या कित्येक वर्षे आधी शरीरात सुरू झालेली असू शकते, हे लक्षात घेतले तर नागिणीने एमएस आणला की आधीच बिघडलेल्या प्रतिकारशक्तीमुळे नागीण उठली, हा प्रश्न त्या आकड्यांवरून सुटत नाही.

संशय येणे मात्र स्वाभाविक आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मणक्यांजवळच्या चेतापेशींच्या पुंजक्यांत दडून राहतो आणि अनेक वर्षांनी एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणूनच नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात. एमएसमध्ये प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. मेक्सिकोतील संशोधकांनी २००८ मध्ये, एमएस उसळलेल्या रुग्णांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) हा विषाणू दिसल्याचे मांडले; नंतर अमेरिकेतील संशोधकांना तो सापडला नाही. त्या पाण्यात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे अनेकदा आढळतात हे खरे, पण तशीच गोवर आणि रुबेलाविरुद्धचीही आढळतात, त्यामुळे त्यावरून याच विषाणूवर ठपका ठेवता येत नाही.

पुरावा कसा असावा, हे एपस्टाईन-बार या कांजिण्यांच्या विषाणूच्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत दिसले. अमेरिकी सैन्यातील १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून २०२२ मध्ये असे दिसले की त्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. तिथे संसर्ग आधी आणि आजार नंतर, हा क्रम रक्ताच्या नमुन्यांतूनच स्पष्ट झाला. नागिणीच्या बाबतीत इतका भक्कम पुरावा नाही.

माझ्या मते एमएसच्या रुग्णांनी उलट दिशेच्या संबंधाची, म्हणजे एमएसच्या औषधांमुळे नागीण उठण्याची, अधिक काळजी घ्यायला हवी. माझ्या मावसबहिणीला फिंगोलिमोड हे एमएसचे औषध सुरू करण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांनी कांजिण्यांच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घेतली, कारण या औषधाने लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी लसिका ग्रंथींत अडकून राहतात, रक्तातील त्यांची संख्या घटते आणि नागीण उठण्याची शक्यता वाढते. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने ती औषधाआधीच घ्यावी लागते; नागिणीची नवी लस तशी नसते, तरीही तिच्याविषयी उपचार सुरू होण्यापूर्वी विचारणेच योग्य. आणि अशा उपचारांवर असताना अंगाच्या एका बाजूला आग होऊन फोड दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो.