चालतंय की, बॉय

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. भुरभुर पावसात शेजारच्या बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "आयम आफ्टर लूझिंग माय कीज." मला वाटलं, या किल्ल्या हरवायच्या मागे लागल्यात की काय! त्यांना एवढंच सांगायचं होतं की त्या किल्ल्या हरवून बसल्यात. शब्द इंग्रजी, पण वाक्याची बांधणी आयरिश भाषेतली, पिढ्यांपूर्वी इंग्रजीत शिरलेली.

आता सात वर्षं झाली, कानाला सवय झालीय. आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' यांना सुटे शब्दच नाहीत, म्हणून "पाऊस पडतोय का?" विचारलं की इंग्रजीतही "इट इज" असंच उत्तर येतं. आपण 'येतोस का?'ला 'येतो' म्हणतो, तसंच. 'ग्रँड' म्हणजे भव्यबिव्य काही नाही, ठीक आहे. गाडी पंक्चर झाली तरी ग्रँड. मी कोल्हापूरची, मला याचं भाषांतर करावंच लागलं नाही: चालतंय की. कॉर्ककर वाक्याच्या शेवटी 'बॉय' लावतात, आम्ही 'भावा' लावतो. खरी राजधानी डब्लिन नसून आपणच, असंही ते ठणकावून सांगतात. तेही ओळखीचंच.

चहाचंही दोन्हीकडे तेच: पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदाही 'नको', तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. माझ्या लॅबमधल्या एका जर्मन सहकाऱ्याने आमच्या घरी एकदाच 'नको' म्हटलं आणि त्याला खरंच नको होता! शेजारच्या बाई आणि मी किटली धरून एकमेकींकडे बघत राहिलो. आणि बसमधून उतरताना इथे प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतो. आमच्या कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये कुणी म्हटलं तर ड्रायव्हरला वाटेल, सुट्ट्या पैशांवरून टोमणा मारला.

हे सगळं आठवायचं कारण आमचा शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप. 2025च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, जूनच्या शेवटी मागे घेतला गेला, मग मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला थप्पड बसली, आणि ग्रुप पेटला. एक गट म्हणाला, मराठीची सक्ती केली नाही तर तिची आयरिशसारखी गत होईल, बोलणारंच कुणी उरणार नाही. दुसरा म्हणाला, आयर्लंडने सक्ती करून काय मिळवलं? साक्षीदार म्हणून दोघांनीही मलाच टॅग केलं.

साक्ष द्यायची तर मान दोन्हीकडे हलते. 1937च्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. शाळेत ती शिकावीच लागते. 1973पर्यंत तर आयरिशमध्ये नापास म्हणजे अख्ख्या शालान्त परीक्षेतच नापास. आणि 2022च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे पावणेएकोणीस लाखांच्या आसपास असले, तरी शाळेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. म्हणजे सक्ती फसली? इतकंही सोपं नाही. मालवणजवळच्या वराड गावचं मूळ असलेले लिओ वराडकर 2017 साली निवडून आले तेव्हा आपल्या पेपरांनी 'पंतप्रधान' छापलं; इथले इंग्रजी पेपरही 'तीशक' हा आयरिश शब्दच लिहितात. पोलीस म्हणजे 'गार्डा'. बसच्या पाटीपासून टपालखात्याच्या नावापर्यंत ही भाषा डोळ्यांसमोर राहिली, ती सरकारने हट्ट धरला म्हणूनच. 2020मध्ये आपल्याकडे सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, त्याच्या बाजूने मी आजही आहे.

पण दोन्ही गट एक गोष्ट विचारतच नाहीत: आयरिश गेली कशी? इंग्रजांचं राज्य होतं, 1845पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि मेली-गेली ती जास्त करून आयरिश बोलणारी गरीब माणसं. हे खरंच. पण एकोणिसाव्या शतकात आणखी एक प्रकार चाले. मुलाच्या गळ्यात काठी बांधायची, तोंडून आयरिश शब्द गेला की तिच्यावर खाच पाडायची, आणि दिवसाअखेरी खाचा मोजून छड्या. मास्तरला यात साथ आईबापांची असे. पोराला अमेरिकेत नोकरी लागायची तर इंग्रजी हवं, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. शेजारच्या बाई सांगतात, त्यांचे आजोबा गाईगुरांशी आयरिश बोलत, नातवंडं आली की गप्प.

मीरा रोडच्या दुकानदाराने उद्या अस्खलित मराठी बोलून दाखवलं, तरी ग्रुपवर त्या थप्पडेचं समर्थन करणाऱ्या माझ्या मित्राची दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमातच जाणार आहेत आणि आजीशी हिंदीमिश्रित काहीतरी बोलणार आहेत. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तू तिकडे बसून बोलू नकोस."

त्यात तथ्य आहे. माझा मुलगा इथल्या शाळेत आयरिश शिकतो, आणि मराठी त्याला नीट समजते एवढंच. परवा शेजारच्या बाई आल्या होत्या. शाळेतलं आयरिश काय आठवतं, असं त्याने विचारलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी उभं राहून, हात वर करून एका दमात म्हटलं: बाई, मी शौचालयात जाऊ का? त्यालाही सगळ्यात पाठ असलेलं वाक्य हेच. दोघंही लोटपोट हसले.

मी आतून हाक मारली, "बाळा, जेवायला चल."

"आयम आफ्टर ईटिंग, आई."