आरोप ‘रिफ्यूट’ केले म्हणे!

आज सकाळी डोळे धड उघडलेही नव्हते आणि फोनवर एका मोठ्या इंग्रजी पेपरचं नोटिफिकेशन आलं, की एका बड्या साहेबांनी त्यांच्यावरचे सगळे आरोप ‘रिफ्यूट’ केले. म्हटलं अरे वा, इतक्या लगेच? बातमी उघडली. आत काय, तर साहेब म्हणाले हे सगळं खोटं आहे आणि गाडीत बसून निघून गेले. संपली बातमी. याला रिफ्यूट म्हणतात? रिफ्यूट करणं म्हणजे पुरावे देऊन समोरच्याचं म्हणणं खोटं पाडणं. साहेबांनी केलं ते साधं ‘डिनाय’, म्हणजे नुसते कानावर हात. पण त्या एका शब्दात पेपरने साहेबांना निर्दोष सोडून दिलं की! साक्ष नाही, चौकशी नाही, काही नाही. आणि ज्याने कोणी ती हेडलाइन दिली त्याला याचा पत्तासुद्धा नसणार, त्याला फक्त ‘डिनाय’पेक्षा जरा भारदस्त दिसणारा शब्द हवा होता.

घरात हे बोलून दाखवलं तर उत्तर आलं, “कळलं ना काय म्हणायचंय ते, मग झालं तर.”

नाही झालं. म्हणून इथे लिहितेय, कारण माझ्या लिस्टमधली निम्मी माणसं पेपर वाचताना माझ्यासारखीच दात-ओठ खातात हे मला माहितीये.

“कळलं ना, मग झालं” या वाक्यावर माझा जुना राग आहे आणि तो माझ्या आत्यापासून सुरू होतो. आत्या एका संस्थेत अकाउंट्सला होती. तिथे वरच्या लोकांनी पैशांचा काहीतरी घोळ केला, चौकशी बसली, आणि आत्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. साक्षीदार, आरोपी नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिला कागद दाखवून विचारलं, या व्हाउचरवरची सही तुमची का? ती म्हणाली हो, माझीच, सगळी व्हाउचर माझ्याच टेबलावरून जायची, ते माझं कामच होतं. एवढंच. दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी पेपरात तिच्या नावासकट छापून आलं की सह्या आपल्याच असल्याचं तिने ‘अ‍ॅडमिट’ केलं. झालं! सगळ्या नातेवाइकांचे फोन. कोणी थेट विचारे ना, सगळे नुसते “तब्येत कशी आहे” असं विचारत होते. आणि आत्या आम्हाला विचारतेय, “अगं, मी काय कबूल केलं? मी तर सांगितलं.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं हो. सही तिची होती, ती हो म्हणाली होती, सगळं खरं. फक्त ‘सेड’च्या जागी ‘अ‍ॅडमिटेड’. आता कोणी म्हणेल की अ‍ॅडमिटचा अर्थ नुसतं मान्य करणं असाही होतो. होतो. डिक्शनरीत होतो. पेपरात चौकशीच्या बातमीत होत नाही, तिथे तो गुन्हा कबूल केल्यासारखाच वाजतो आणि हे लिहिणाऱ्याला कळायला हवं, तेवढ्याचाच तर पगार मिळतो त्याला.

बरं, सगळ्याच चुका अशा जीवघेण्या नसतात हे मान्य. काही तर नुसत्या करमणुकीच्या असतात. परवा वाचलं की कोणीतरी नियम ‘फ्लॉन्ट’ केले. फ्लॉन्ट म्हणजे मिरवणं! नियम धाब्यावर बसवतात तो शब्द ‘फ्लाउट’. म्हणजे हा गृहस्थ नियमांची पाटी गळ्यात घालून गावभर मिरवत होता की काय. मग ते ‘फ्री रेन’. लगाम तो रेन आणि राजाची राजवट तीही रेन, उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका ‘जी’चा फरक. लगाम सैल सोडणं असं म्हणायचं असतं आणि आमचे पत्रकार ‘जी’ घालून अधिकाऱ्यांना फुकटात राज्य देऊन टाकतात. ‘टो द लाइन’चंही तेच, रेषेला पायाची बोटं लावून गपगुमान उभं राहणं असा त्याचा अर्थ, पण लिहितात असं की तो माणूस दोरी बांधून रेषाच ओढून नेतोय. कागदपत्रं बारकाईने वाचण्याच्या ‘पोअर’ची स्पेलिंग अशी करतात की तपास अधिकारी रात्रभर कागदांवर काहीतरी ओतत बसले होते असं चित्र उभं राहतं. आणि कालच्या मॅचमधल्या विजयाची म्हणे ‘एनॉर्मिटी’! जुन्या शिस्तीतल्या इंग्रजीत एनॉर्मिटी म्हणजे महाभयंकर कृत्य, पापच म्हणा ना. बिचाऱ्यांनी मॅच जिंकली होती फक्त.

यातली गंमत अशी की स्पेलचेकरला यातलं बहुतेक काही सापडत नाही, कारण प्रत्येक शब्दाची स्पेलिंग बरोबरच असते. चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द पकडायला माणूस लागतो. वाचणारा, अर्थ लागेपर्यंत थांबणारा माणूस. तोच तर काढून टाकलाय सगळीकडून.

आणि ही काही फक्त छोट्या पेपरांची गोष्ट नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये आपला स्वतंत्र कॉपी डेस्क, म्हणजे बातमी छापण्याआधी तपासून दुरुस्त करणारा विभाग, बंद केला, शंभरावर कॉपी एडिटर होते तिथे. तिथल्या लोकांनी कामावरून उठून निषेध केला, एका फलकावर तर ‘वॉज’ची स्पेलिंग मुद्दाम उलटसुलट करून लिहिलं होतं की या फलकाचं संपादन झालेलं नाही. मला हसू आलं होतं तेव्हा आणि मग लगेच वाईट वाटलं. कारण बाहेरच्याला वाटतं कॉपी डेस्क म्हणजे स्वल्पविराम मोजणारे म्हातारे. अहो, ‘अ‍ॅडमिटेड’ खोडून ‘सेड’ करणारा तोच माणूस असतो! “हिच्यावर आरोप आहे का? नाही ना? मग अ‍ॅडमिट कसलं करतेय ती?” हा प्रश्न रात्री कोणीतरी रिपोर्टरला विचारायचा असतो. आत्याच्या बातमीच्या वेळी तो कोणी विचारला नाही. खुर्ची रिकामी होती, की खुर्चीतला माणूस एकटा वीस बातम्या निपटत होता, देव जाणे.

गुन्ह्याच्या बातम्यांमध्ये तर बोलायलाच नको. ‘चार्ज्ड’ म्हणजे आरोप ठेवला, ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरला, या दोन शब्दांच्या मध्ये अख्खा खटला असतो, वर्षानुवर्षं चालणारा. आणि हेडलाइनमध्ये जागा नाही म्हणून सरळ चोर, खुनी लिहून मोकळे. ‘बेल’ म्हणजे जामीन मिळाला की लोक समजतात सुटला, आणि बातमीही अशी लिहितात की लोकांनी तसंच समजावं. ‘रॉबरी’ आणि ‘बर्गलरी’ तर कोणी वेगळं मानतच नाही. धाकदपटशा करून माणसाकडून हिसकावणं वेगळं आणि चोरीच्या इराद्याने कोणाच्या घरात घुसणं वेगळं, ज्याच्याकडे चोरी झाली त्याला विचारा फरक पडतो का ते. आणि एक लाडका प्रकार म्हणजे ‘अलेज्ड सस्पेक्ट’, म्हणजे ज्याच्यावर संशय असल्याचा संशय आहे असा माणूस. सावधगिरी म्हणून ‘अलेज्ड’ कुठेही शिंपडतात, नेमका जिथे पाहिजे तिथे नसतो.

आकड्यांचं एकच सांगते आणि सोडते, नाहीतर पोस्ट संपायची नाही. व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून ६ टक्के झाला तर तो २ टक्क्यांनी वाढला असं लिहितात. तो २ ‘पर्सेंटेज पॉइंट’ वाढला आणि मूळ दराच्या ५० टक्के वाढला. ज्याला वाढ लहान दाखवायची तो एक लिहिणार, ज्याला घाबरवायचंय तो दुसरं, आणि ज्याला काहीच कळत नाही तो दोन्हींची मिसळ करणार.

आता माझे भाषाशास्त्रवाले मित्र येतीलच कमेंटमध्ये, भाषा वाहती असते वगैरे घेऊन. असते हो, माहितीये. ‘डेसिमेट’ म्हणजे रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दर दहातला एक मारणं, आज कोणी त्या अर्थाने वापरत नाही आणि माझं काही म्हणणंही नाही. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपातीच, यावरून मी पूर्वी फार भांडायचे, नंतर कळलं की शेकडो वर्षांपूर्वीही लोक तो ‘रस नसलेला’ याच अर्थाने वापरत होते. ठीक आहे. एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकनेही, म्हणजे पत्रकारांसाठीच्या भाषेच्या नियमपुस्तकानेही, २०१४ मध्ये आकड्यांच्या आधी ‘मोर दॅन’ऐवजी ‘ओव्हर’ चालेल असं मान्य केलं, तेव्हा संपादक मंडळींमध्ये काय आरडाओरडा झाला होता, आणि खरं सांगायचं तर कोणाचं काही बिघडलं नाही. पण त्याच स्टाइलबुकमध्ये ‘रिफ्यूट’ जपून वापरा असंही सांगितलेलं आहे, कारण त्यात वाद जिंकल्याचा निवाडा दडलेला असतो. सगळं बदलतं म्हणून सगळंच सोडून द्यायचं का? ‘ओव्हर’ लिहिल्याने कोणाच्या घरी “तब्येत कशी आहे” असे फोन येत नाहीत.

लिहिता लिहिता मला त्या हेडलाइनवाल्या पोराची थोडी दया यायला लागलीये. असेल कोणी पंचविशीतला, पहाटेची शिफ्ट, समोर स्क्रीनवर किती जणांनी क्लिक केलं त्याचा आकडा सतत हलतोय, दुसऱ्या पेपरने आपल्या आधी टाकलं तर बोलणी खायची, वर बघावं तर शिकवायला कोणी नाही, जे शिकवणारे होते त्यांना आधीच निरोपाचा नारळ दिलेला. पूर्वी म्हणे नवीन माणूस सीनियरच्या शेजारी बसून शिकायचा, त्याची कॉपी त्याच्यासमोर फाडली जायची. फार चांगली पद्धत होती असं म्हणणार नाही, त्यात अपमानही खूप होता. पण निदान कोणीतरी वाचत तरी होतं! आता त्याची बातमी छापून येण्याआधी वाचणारा पहिला माणूस म्हणजे तो स्वतः आणि छापून आल्यावर वाचणारी माझ्यासारखी खडूस बाई.

त्याच्यावर राग नाही माझा. ज्यांनी ती खुर्ची रिकामी केली आणि मग अग्रलेखात सत्य, विश्वासार्हता, चौथा खांब असं सगळं लिहिलं त्यांच्यावर आहे. मुलाखती देतात हे लोक, की वाचकांना आता दर्जा नकोच असतो. वाचकांना कोणी विचारलं? मला तरी नाही विचारलं. आत्याला तर नाहीच नाही.

आत्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. भावाने पत्र लिहिलं, मग आठवण करून देणारं पत्र, मग फोन. बऱ्याच दिवसांनी आतल्या पानावर खाली कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती आली, इतक्या बारीक टायपात की आत्याने भिंग मागितलं. ज्यांनी मूळ बातमी वाचली होती त्यांच्यातल्या एकाने तरी ती पाहिली असेल असं मला वाटत नाही. चौकशीत तिच्यावर अर्थातच काही ठपका आला नाही, यायचं कारणच नव्हतं. पण नंतर कितीतरी वर्षं, कुरियरवाल्याच्या पावतीवर सही करायची असली तरी ती आमच्याकडे बघून विचारायची, “ही नंतर कबूल करावी लागेल का गं?” आम्ही हसायचो. तीही हसायची, पण पेन उचलायला तिला वेळ लागायचा.

आणि असं नाही की पेपरांना नीट दुरुस्ती करताच येत नाही. ब्रिटनच्या गार्डियनची छपाईच्या चुकांवरून इतकी टिंगल व्हायची की लोक त्याला अक्षरं उलटसुलट करून ‘ग्रॉनियड’ म्हणायचे, त्याच गार्डियनने १९९७ मध्ये रोज चुकांची दुरुस्ती छापायचा कॉलम सुरू केला आणि वाचकांच्या तक्रारी बघायला वेगळा संपादक नेमला. आणि ज्या न्यूयॉर्क टाइम्सला मी वर शिव्या घातल्या त्यांनी २०१४ मध्ये, सॉलोमन नॉर्थअप या फसवून गुलाम केलेल्या माणसाच्या नावाची चुकीची स्पेलिंग दुरुस्त केली, आणि ती चूक होती त्यांच्याच १८५३ सालच्या बातमीत! १६१ वर्षांनी! त्या माणसाला याचा काय उपयोग म्हणा, पण कोणीतरी जुना अंक काढून बघितलं, नाव चुकलंय म्हटलं आणि तारखेसकट छापलं. हे मला फार आवडलं होतं.

आत्ताच्या ऑनलाइन बातम्यांमध्ये याच्या बरोबर उलटं चालतं. बोंबाबोंब झाली की गुपचूप शब्द बदलायचा, खाली एक ओळसुद्धा नाही की आधी काय होतं. ज्याने सकाळी वाचलं तो चुकीचं घेऊन दिवसभर फिरतोय आणि ज्याने दुपारी वाचलं तो म्हणतो असं काही लिहिलेलंच नाहीये, तुलाच भास झाला. आत्याची बातमी तर वेबसाइटवर अजून तशीच आहे, त्यातला ‘अ‍ॅडमिटेड’ तसाच, छापील दुरुस्ती तिथपर्यंत पोचलीच नाही. पुन्हा मेल केलाय. मी आता तो विषय सोडणार नाही, कोणाला मीडियात त्या पेपरमधलं कोणी ओळखीचं असेल तर इनबॉक्समध्ये या, पेपरचं नाव तिथे सांगते.

आणि हो, दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या लिखाणात हमखास चूक सापडते, याला ‘मफ्रीज लॉ’ म्हणतात, मर्फी नव्हे, मफ्री, नावातच मुद्दाम गडबड केलीये. तेव्हा या पोस्टमध्ये ऱ्हस्व-दीर्घ काढायला बसलेल्या मंडळींनी खुशाल काढावं. मी दुरुस्त करीन, आणि पोस्टच्या एडिट हिस्टरीत आधी काय लिहिलं होतं आणि नंतर काय केलं ते कोणालाही उघडून बघता येईल. फेसबुकवर फुकट बडबड करणाऱ्या बाईला जे जमतं ते वर्गणी घेणाऱ्या पेपरांना का जमू नये, ते मला कोणीतरी सांगा.