मेंढी चालते, माणूस चालत नाही

गेल्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या रिबलहेडच्या पुलावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीचा फोटो काढला. माझ्या मते आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. रात्री बार्शीला अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "झकास. पण गाडीत कुणी बसलं नव्हतं का गं?"

गाडी खच्चून भरलेली होती, अण्णा. तीन खिडक्यांतून हात बाहेर आले होते, एकात मोबाइल होता. ते हात मी घरी येऊन कॉम्प्युटरवर पुसले. पुलाखाली केशरी जाकिटातला एक माणूस उभा होता, तोही पुसला. शेवटच्या डब्यामागं मदतीला जोडलेलं डिझेल इंजिन होतं, ते कडेनं कापून टाकलं. उरलं काय, तर काळं इंजिन, पांढरी वाफ, दगडी कमानी आणि गवतात चार मेंढ्या. मेंढ्या ठेवल्या. इकडच्या फोटोवाल्यांत मेंढी चालते, माणूस चालत नाही.

ज्यांना ही दुनिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी लीड्सला राहते. इथून उत्तरेला सेटल ते कार्लाइल अशी रेल्वे जाते, रिबलहेडचा पूल तिच्यावरच. या मार्गावर वर्षातून बऱ्याचदा जुनी वाफेची इंजिनं सहलीच्या गाड्या ओढत नेतात. सेटल सोडलं की जवळजवळ पंधरा मैल सलग चढ आहे, शंभर फुटांना एक फूट. सपाटीवर इंजिन नुसतं धावतं, चढावर ते राबतं, आणि फोटोवाल्याला राबणारं इंजिनच हवं असतं. म्हणून सगळे चढावर येऊन थांबतात. थंडी जितकी कडाक्याची तितकी वाफ दाट आणि पांढरी दिसते. जुलैच्या उन्हात तीच वाफ हवेत कुठं विरते कळत नाही, शिवाय फार कोरडा उन्हाळा असला तर ठिणगीनं गवत पेटेल म्हणून वाफेचं इंजिन काढून डिझेल लावतात. म्हणजे या छंदाचा हंगाम नेमका हाडं गोठण्याचा.

वाऱ्याचं वेगळंच दुखणं. वारा तुमच्या बाजूला वळला की सगळी वाफ डब्यांवर लोळते आणि फोटोत नुसता कापूस येतो. आणि ढग! दोन तास लख्ख ऊन, गाडीची शिट्टी ऐकू आली की ढग सूर्यावर. त्या दिवशी मी साडेतीन तास उभी होते. बोटं बधिर, थर्मासातला चहा संपलेला, शेजारच्या आजोबांनी दिलेलं आल्याचं बिस्किट खात. गाडी आली, चाळीसेक सेकंद दिसली, गेली. त्यात मी अठ्ठावीस फोटो काढले आणि कामाचा एक निघाला.

आता मुद्दा. त्या चाळीस सेकंदांत आम्ही सगळे एकच गोष्ट शोधत असतो : आजचं काहीही न दिसणारी चौकट. म्हणजे खोटं १९५५, वाफेच्या गाड्यांच्या काळातलं. कुणाची मोटार मध्ये आली की शिव्या, लाल अनोरक (टोपीचं जाकीट) घातलेली बाई पुढं गेली की शिव्या, मागच्या डिझेलला तर विचारू नका. काही ठिकाणी तर पैसे भरून खास फोटोवाल्यांसाठी गाडी चालवतात. ती पुढं जाते, मागं येते, पुन्हा वाफ सोडत पुढं जाते. फलाटावर जुन्या गणवेशात हौशी माणसं उभी करतात. तिथं माणूस चालतो, पण भाड्यानं आणलेला, ठरलेल्या कपड्यांतला. तिकीट काढून, डबा घेऊन, नातवाला मांडीवर बसवून आलेला खरा प्रवासी चालत नाही.

मला हे खटकायला लागलंय. मीही तेच करते, म्हणून जास्तच.

त्या पुलाचंच बघा. चोवीस कमानी, चारशे मीटर लांब, बत्तीस मीटर उंच. १८७० च्या दशकात बांधला. बांधणारे मजूर त्याच दलदलीच्या माळावर झोपड्यांत बायकामुलांसह राहायचे. त्या कामात शंभराच्या आसपास मजूर गेले. वस्तीत देवीची साथ आली, तिनं बायकापोरांनाही नेलं. जवळच्या चॅपेल-ली-डेलच्या चर्चच्या आवारात त्यांतले कितीतरी पुरलेले आहेत. पुढं १९८० च्या दशकात, पुलाची दुरुस्ती परवडत नाही म्हणत हा मार्गच बंद करायला काढला होता. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या, आणि १९८९ साली सरकारला बंद करायचा विचार सोडावा लागला. त्या हरकतींत एका कुत्र्याच्या पंजाचाही ठसा आहे, खोटं नाही! रस्वॉर्प त्याचं नाव, आज गार्सडेल स्टेशनवर त्याचा पुतळा आहे. जो पूल माणसांनी बांधला आणि माणसांनीच वाचवला (कुत्र्यासकट), त्याचा फोटो आम्हाला निर्मनुष्य हवा.

बिस्किटवाल्या आजोबांना हे मी बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेची वाफेवरची शेवटची प्रवासी गाडी याच मार्गावरून गेली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. वडिलांबरोबर याच मार्गावरच्या एस गिलच्या माथ्यावर बघायला गेले होते. "मी नवीन काही शोधत नाही, माझं हरवलेलं शोधतो," एवढंच बोलले. यावर मी काय बोलणार? पण घरी येऊन त्या दिवसाचे एस गिलचे फोटो इंटरनेटवर बघितले. माणसंच माणसं. गाडी तिथं थांबली तसे प्रवासी खाली उतरलेले, रुळाकाठी टाय लावलेले बाप्ये, पोरं, गळ्यात कॅमेरे. इंजिन कुठंय ते शोधावं लागतं. आणि आजोबांचं हरवलेलं जे काही आहे, ते त्याच गर्दीत उभं आहे, त्यांच्या वडिलांशेजारी.

(गर्दीची बाजू घेते म्हणजे रुळावर उतरण्याची नव्हे. २०१६ मध्ये 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे प्रसिद्ध वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन लंडनहून यॉर्कला निघालं तेव्हा लोक रुळांवर आले आणि गाडी थांबवावी लागली. एका फोटोपायी जीव देणाऱ्यांसाठी माझ्याकडं सहानुभूती नाही.)

माझं स्वतःचं हरवलेलं इथं नाहीच. ते बार्शी लाईटमध्ये आहे. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली, पुढं ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. तिची पहिली इंजिनं किटसन कंपनीनं बनवलेली, आणि किटसनचा कारखाना कुठं, तर लीड्समध्ये! मला हे इथं येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. आमच्याकडं त्या गाडीचा एकही फोटो नाही. कॅमेरा कुणाकडं होता? आषाढीला टपावर बसलेले वारकरी, खिडकीतून आत टाकलेली पोरं, जागा धरायला फेकलेले टॉवेल, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आणि पदराच्या टोकाला फुंकर मारून तो काढणारी आई, एवढंच आहे, तेही डोक्यात.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका गावात रेल्वेच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. एका टेबलावर स्लाइडांचे डबे. त्यात एकीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं 'कुर्डुवाडी, १९७७' लिहिलेलं. माझे हात थरथरायला लागले. उजेडाला धरून बघितली : छोटं काळं इंजिन, स्वच्छ, मोकळा फलाट, सकाळचं ऊन. कुणीतरी इतक्या लांब जाऊन, नेम धरून, माणसं बाजूला होईपर्यंत थांबून काढलेला फोटो. पण उजव्या कडेला एक बाई शिरलीच होती. नऊवारी, डोक्यावर बोचकं, एक हात वर धरलेला. अर्धी चौकटीत, अर्धी बाहेर. किंमत विचारली तर विकणारा म्हणाला, बाकीच्या पाच पौंडांना, ही दोनला घ्या. का? तर त्या बाईनं फोटो बिघडवलाय.

मी पाच दिले. त्याला वाटलं मला इंग्रजी कळत नाही.

स्लाइड स्कॅन करून अण्णांना पाठवली होती. ते इंजिनाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फोन करून म्हणाले, बाई माळकरी दिसतीय, बोचक्यात भाकरी असणार, गाडी लातूरकडं निघालेली असली तर येडशीला उतरेल, तिथून रामलिंगला. अर्ध्या बाईवरून त्यांनी पाऊण तास काढला. पुलावरच्या माझ्या 'सगळ्यात चांगल्या' फोटोला त्यांची एक ओळ.

खाली तोच फोटो परत टाकतीय, मूळचा, न कापलेला. मागचं डिझेल आहे, हात आहेत, केशरी जाकिटवालाही आहे. उजव्या कोपऱ्यात बिस्किटाचा पुडा धरलेला हात दिसतोय तो आजोबांचा. मेंढ्या चारच आहेत.