नुसता हात हलवणं नव्हे

'स्कायवर्ड स्वॉर्डमध्ये हात हलवून जे होतं ते एका बटणानेही झालं असतं' हे 'झेल्डा' मालिकेतल्या या व्हिडिओ गेमवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. त्याच मालिकेतल्या आधीच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या, निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरच्या आवृत्तीबद्दल म्हणाला असतात तर मान डोलावली असती. तिथे हातातला रिमोट कसाही झटकला तरी तलवार फिरायची. पण २०११च्या या गेमला मोशनप्लस (हाताची हालचाल अचूक टिपणारं रिमोटचं उपकरण) सक्तीचं होतं ते उगाच नाही. इथे वार कुठल्या दिशेने केला यालाच महत्त्व आहे. डेकू बाबा या वनस्पतीसारख्या शत्रूने तोंड आडवं उघडलं तर आडवा वार, उभं उघडलं तर उभा. आणि खलनायक गिराहिम! तो तुमच्या तलवारीवर नजर ठेवून हात पुढे करतो आणि पातं चक्क बोटांत पकडतो. मी तलवार मुद्दाम एका बाजूला धरून ठेवायचो, त्याचा हात तिकडे सरकला की झटकन दुसरीकडून वार. सांगा, हे एका बटणाने कसं करणार?

तक्रार करायचीच तर नेम धरण्याबद्दल करा. तो जायरोस्कोपवर (रिमोटचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर) चालतो, त्यामुळे हळूहळू सरकतो आणि कर्सर पुन:पुन्हा मध्यावर आणावा लागतो. हे लेखात यायला हवं होतं. निन्टेन्डोच्या नंतरच्या स्विच कन्सोलवरच्या २०२१च्या आवृत्तीत बटणांचा पर्याय आला, तिथेही तलवारीसाठी अख्खी उजवी स्टिक खर्ची पडली आणि कॅमेरा फिरवायला एल बटण दाबून धरणं आलं. अर्थात, ज्यांचं मनगट दुखतं किंवा जे आडवे पडून खेळतात त्यांच्यासाठी तो पर्याय पहिल्यापासूनच हवा होता.