आईची कंबर

आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे ‘चहा निवतोय’ आणि ‘मोटर बंद करा कुणीतरी’ एवढं बोलते, पण भिंतीकडे बघून. भांडण तिच्या कंबरेवरून आहे. तिची कंबर ठणठणीत आहे, सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

चौथीतल्या चिरंजीवांची चार दिवस शाळा बुडवून आम्ही मालवणला जाऊन आलो. दिवाळीची सुट्टी संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते. ‘मग सुट्टीतच का नाही गेलात?’ हा प्रश्न आतापर्यंत अकरा जणांनी विचारलाय, बाराव्याने तसदी घेऊ नये. बायको बँकेत आहे, आणि बँकेची दिवाळी शाळेच्या दिवाळीएवढी लांब नसते. कोकणच्या गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 2024च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ते 120 दिवस आधी उघडायचं, त्यामुळे निदान चार महिने आधी निराश होऊन मोकळं होता यायचं. सकाळी आठच्या ठोक्याला मी लॅपटॉपवर, बायको मोबाइलवर, आणि आठ वाजून तीन मिनिटांनी प्रतीक्षा यादीत आमचा नंबर 140च्या पुढे. खोलीचं तेच. दिवाळीत साडेसात हजार. दोन आठवड्यांनी तीच खोली, तीच गादी, दोन हजार सहाशे, वर ‘सोलकढी आपल्यातर्फे’. मे महिन्यात जावं तर अर्धं ठाणं तिथेच भेटतं. पावसाळ्यात किल्ल्यावर होडी जात नाही. राहता राहिला नोव्हेंबर.

तर मी अर्ज घेऊन शाळेच्या कार्यालयात गेलो. अर्ज खरा होता. ‘आम्ही सहकुटूंब मालवण येथे फिरायला जात असल्यामुळे माझा मुलगा चार दिवस अनूपस्थित राहील, तरी रजा मंजुर करावी.’ खिडकीतल्या बाईंनी तो चष्म्याच्या खालून वाचला, मग वरून वाचला.

“कारण काय लिहिलंय हे?”

“फिरायला.”

“फिरायला हे कारण होत नाही.”

“पण कारण तेच आहे.”

“असेल हो. पण ते कारण होत नाही. घरगुती काहीतरी लिहा. लग्न लिहा, आजारपण लिहा. मला वर पाठवायचा असतो कागद.”

“म्हणजे खोटं लिहू?”

“मी असं म्हटलं का?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीतून एक कोरा कागद सरकवला.

आता मी कागद घेऊन बसलो तो बाक बहुधा दुसरीच्या वर्गातून हद्दपार झालेला होता. माझे गुडघे हनुवटीशी. शेजारी एक आजोबा होते. पांढरा बुशकोट, मांडीवर कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन बाळगणारा माणूस दिसला की मी आपोआप सरळ बसतो. शाळेत लागलेली सवय आहे, चाळिशीतही सुटत नाही. नातीच्या बोनाफाइडसाठी ते तासभर थांबले होते. त्यांनी माझ्या हातातला जुना अर्ज विचारलं-न विचारलं करून काढून घेतला, आणि मी काही बोलायच्या आत ‘सहकुटूंब’मधल्या ‘टू’ला लाल गोल केला.

“टु. ऱ्हस्व. सहकुटुंब.” मग ‘अनूपस्थित’ला गोल. “उपस्थितचा उ कधी दीर्घ होता का?” मग ‘मंजुर’ला. “हा मात्र दीर्घ. नको तिथे दीर्घ, हवा तिथे ऱ्हस्व. कुठल्या शाळेत होतास?”

पहिल्या चुकीपर्यंत मी ‘तुम्ही’ होतो. तिसरीला ‘तू’ झालो. मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी ‘हं’ केलं. त्या एका हुंकारात माझ्या शाळेचा सगळा इतिहास आला.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. 34 वर्षं रजेचे अर्ज वाचण्यात गेली, असं म्हणाले. “एका पोराचे आजोबा माझ्याकडे चार वेळा वारले. दोन मी ग्राह्य धरले. माणसाला दोन आजोबा असतात, तेवढा त्याचा हक्क. तिसऱ्याला बापाला बोलावून घेतलं. तर म्हणतो, गुरुजी, चुलत. आणि चौथ्याला स्वतः आजोबाच आले, अर्ज घेऊन!”

“मग काय केलंत?”

“काय करणार? अक्षर सुंदर होतं. मंजूर केला.”

मी म्हटलं, मी आजारपण लिहितो. ताप.

“ताप नाही. तापाला डॉक्टरची चिठ्ठी मागतात. आणि मुलाचं आजारपण तर मुळीच लिहायचं नाही, काळा होऊन परत येतो तो. आई आहे?”

“आहे.”

“मारू नकोस.” त्यांनी बोट वर केलं. “पुढच्या वर्षी लागेल. कंबर लिही. कंबर दिसत नाही, एक्स-रेत येत नाही आणि बरी होत नाही. लचकली लिही. आता मालवणच का?”

“फिरायला...”

“पुन्हा तेच! गाव खरं ठेवायचं, कारण पोरगा मालवणचं नाव बोलणारच. कारण गावाला शोभेल असं हवं. तिकडे कुणी आहे?”

“आईचं माहेर आहे.”

गुरुजींचा चेहरा उजळला. एखाद्या ढ विद्यार्थ्याने चुकून बरोबर उत्तर दिलं की उजळतो तसा. “मग झालं तर! गावच्या हाडवैद्याकडे नेतोयस तिला. लिही. ‘माझ्या मातोश्रींची कंबर अचानक लचकल्याने’, अचानकमधला न पूर्ण काढ, ‘त्यांना त्यांच्या मूळ गावी उपचारार्थ नेणे क्रमप्राप्त आहे.’”

‘क्रमप्राप्त’ मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. हाताला बरं वाटलं.

मग तारखेवर गाडी अडली. खरोखर गाडीच. आमची तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते आणि सुटायच्या आधीच तारीख बदललेली असते. निघायचं रविवारी रात्री, तिकीट सोमवारचं. (याच गाडीला एकदा मी बरोबर चोवीस तास उशिरा, सामानासकट, वेळेआधी पंधरा मिनिटं पोहोचलो होतो. टीसी म्हणाला, रोज एक तरी येतो तुमच्यासारखा. सांत्वन म्हणून म्हणाला असावा.) गुरुजींना हे पटेना. “रविवारी निघालास तर कंबर रविवारी लचकली पाहिजे. मग आज शुक्रवारी अर्ज कसा देतोयस?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. शेवटी आईची कंबर आम्ही दोघांनी मिळून गुरुवारी संध्याकाळी लचकवली. पाण्याची कळशी उचलताना. आमच्याकडे 2011 पासून कळशी नाही.

अर्ज पुरा झाल्यावर गुरुजींनी तो पुन्हा वाचला, समासात काहीतरी लिहिलं आणि खाली सही करणार तेवढ्यात सवयीचं भान येऊन थांबले. समासात होतं ‘10 पैकी साडेपाच’. मला पुन्हा सगळा उतरवून काढावा लागला. खिडकीतल्या बाईंनी वाचला. “अगं बाई,” म्हणाल्या, “फार दुखतंय का त्यांना?” अर्ध्या तासापूर्वी याच बाईंनी मालवण, फिरायला, सहकुटूंब हे सगळं वाचलं होतं. आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. मला खरंच वाईट वाटलं आईबद्दल.

माझा राग आहे तो इथे. कायदा काय सांगतो? 2009चा शिक्षण हक्काचा कायदा पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरावी म्हणतो. हेही गुरुजींनीच सांगितलं, 800 तासांसकट. त्यातले चार म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांसाठी एका आईची कंबर जाते. निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले, वर्ग एकत्र करून पोरांना चित्रं काढायला बसवलं, ते दिवस बुडत नाहीत. गेल्या वर्षी एका बुधवारी सगळ्या तिसरीला वॉटर पार्कला नेलं, तोही बुडाला नाही, कारण तिचं नाव ‘शैक्षणिक सहल’ होतं. फी 1,450 रुपये. शिक्षण काय झालं, तर ओले कपडे वेगळ्या पिशवीत ठेवावेत. आणि चौथीच्या इतिहासाचं अख्खं पुस्तक शिवाजी महाराजांवर असताना पोराला सिंधुदुर्गावर नेलं तर तो गैरहजर!

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर किल्ल्यावर त्याने इतिहास फारसा पाहिला नाही. 25 नोव्हेंबर 1664ला कामाला सुरुवात झाली, चहूबाजूंनी समुद्र असून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव, दहीबाव, हे मी तटावर उभा राहून सांगत होतो. त्याचा प्रश्न एकच, दहीबावीत दही कधी होतं. महाराजांच्या हाताचा ठसा दाखवला तेव्हा मात्र तो गप्प झाला. स्वतःचा पंजा हवेत धरून बराच वेळ मोजत राहिला. तेवढ्यासाठी मी आणखी चार दिवस बुडवायला तयार आहे.

बायकोची मामेबहीण इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे चक्क दंड आहे. पाच दिवस शाळा बुडवून फिरायला नेलं की दर मुलामागे दर पालकाला 80 पौंड, 21 दिवसांत नाही भरले तर 160. ऑगस्ट 2024 पासून सगळ्या इंग्लंडभर हाच दर. ती फोनवर तक्रार करत होती आणि मी हेव्याने ऐकत होतो. दर ठरलेला! पावती मिळते! ऐन सुट्टीत विमानाचं तिकीट इतकं महाग की दंड भरूनही ते नवरा-बायको फायद्यात राहिले. आणि सासूच्या अंगाला कुणी हात लावला नाही. आमच्याकडे दंड नाही, फक्त खोटं बोलायचं. तेही शुद्ध.

दंड नाही असं तरी कसं म्हणू? परत आलो त्या रात्री ‘वही पूर्ण करणे’ हा कार्यक्रम होता. वर्गाच्या ग्रुपवर बायकोने बुडालेल्या अभ्यासाचे फोटो मागितले. चार मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एका आईचा मेसेज, ‘कशी आहे आता कंबर?’ आणि मागून एकोणीस फोटो. त्यातले अकरा आडवे, आणि परिसर अभ्यासाच्या प्रत्येक पानावर, बरोबर चौथ्या ओळीवर, मेंदीचा एक अंगठा. अंगठ्याखाली काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. चिरंजीव साडेनऊला वहीवरच झोपले. उरलेली सात पानं मी डाव्या हाताने लिहिली, अक्षर पोरकट यावं म्हणून. बाईंचा शेरा आला, ‘अक्षर सुधारले आहे.’

हेही मी गिळलं असतं. पण काल संध्याकाळी आईला घेऊन कौपिनेश्वराच्या देवळात गेलो होतो, येताना तलावपाळीच्या कठड्याला टेकून भेळ खात होतो, तर समोरून कापडी पिशवी आली.

“काय रे, सहकुटुंब!” गुरुजी म्हणाले. मग आईकडे वळून, हात जोडून, फार आदराने, “आता कशा आहात?”

“मी? बरी आहे.”

“उभ्या राहू नका फार. बसा बसा. हाडवैद्याने लेप दिला की चोळलं?”

“माका काय झाला?” आई म्हणाली. तिच्या तोंडून मालवणी फक्त दोन वेळेला येते, बाजारात मासेवाली भाव वाढवते तेव्हा आणि घरात काहीतरी शिजतंय असं वाटतं तेव्हा.

मी गुरुजींना डोळे मिचकावून बघितले. गुरुजींना वाटलं माझ्या डोळ्यात मसाला गेला. आणि मग त्या सत्यप्रिय माणसाने अर्ज पाठ म्हणून दाखवला. ‘उपचारार्थ’ आणि ‘क्रमप्राप्त’सकट. कळशीसकट.

आम्ही मालवणला होतो तेव्हा आई डोंबिवलीला बहिणीकडे होती. तिकिटं तीनच मिळाली, असं मी तिला सांगितलं होतं. तीनच मिळाली हे खरं. तीनच काढली होती हेही खरं.

“म्हणजे कागदावर मी मालवणला गेले,” रिक्षात आई म्हणाली, “आणि प्रत्यक्षात चार दिवस डोंबिवलीला दुधी खाल्ला. कंबर मोडायला मी, आणि सुरमई खायला तुम्ही.” त्यानंतर घर येईपर्यंत ती एकदाच बोलली, रिक्षावाल्याशी, सुट्ट्यावरून.

आज सकाळी चहा झाल्यावर भिंतीला उद्देशून म्हणाली, “आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरतेय आता.” मालवणजवळच्या या जत्रेची तारीख कॅलेंडरात सापडत नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. पण ती शाळेच्या दिवशीच येणार, याबद्दल मला कौल लावायची गरज नाही. फेब्रुवारीच्या आसपास, पोराची परीक्षा तोंडावर असताना.

“चार तिकिटं काढायची,” भिंत ऐकत होती. “नाहीतर मी त्या शाळेत जाऊन खिडकीसमोर ओणवी होऊन दाखवीन, हात जमिनीला टेकवून.”

“आणि अर्जात काय लिहू?” मी विचारलं.

“त्याची तुला काळजी नको. त्या गुरुजींचा नंबर घेतलाय मी.”